डीफॉगर लावला की एसी का सुरू होतो? पावसाळ्यात काचेवर वाफ धरते त्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: पावसात ताम्हिणी घाट चढताना समोरच्या काचेवर वाफ धरते. डीफॉगरचं बटण दाबलं की एसीसुद्धा आपोआप सुरू होतो. काच सुकवायला गरम हवा लागते, मग एसी कशाला? तो बंद करून नुसता हीटर लावला तर चालेल का? आणि कोकणात उतरल्यावर एसी लावला की काच उलट जास्तच पांढरी होते, ती का?

एसी इथे गारव्यासाठी नसतो, हवेतलं पाणी काढून घेण्यासाठी असतो. हवा गरम करण्याचं काम हीटरचं. डीफॉगरमध्ये दोघं एकापाठोपाठ काम करतात, एकमेकांविरुद्ध नाही.

डॅशबोर्डच्या मागे, साधारण ग्लोव्ह बॉक्सच्या अंगाला, प्लास्टिकची एक मोठी पेटी असते. ब्लोअर (आतला पंखा) हवा ओढतो, ती एसी फिल्टरमधून जाते आणि मग सगळीच्या सगळी एसीच्या कूलिंग कॉईलमधून जाते. कॉईलच्या पुढे हीटर कोर, म्हणजे छोटा रेडिएटर, असतो. त्यात इंजिन गार ठेवणारं ८०-९० अंशांचं पाणी, म्हणजे कूलंट, खेळत असतं. या दोघांमध्ये एक झडप असते. तापमानाचा नॉब तुम्ही निळ्याकडून लालकडे फिरवता तेव्हा एसी कमी-जास्त होत नाही, ही झडप हलते आणि गार झालेल्या हवेतला कमी-जास्त भाग हीटर कोरवरून वळवला जातो. शेवटी आणखी झडपा असतात, त्या हवा काचेकडे, तोंडाकडे की पायांकडे जायची ते ठरवतात. क्रम लक्षात ठेवा: आधी कॉईल, मग हीटर. म्हणजे आधी हवा पिळून काढायची, मग तापवायची. ओले कपडे आधी पिळून मग वाळत घालावेत, तसंच.

हा क्रम सुरुवातीपासून नव्हता. १९४० च्या सुमारास अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने एसीची गाडी विकायला काढली, तेव्हा कूलिंग कॉईल मागच्या सीटच्या पाठीशी होती. समोरच्या काचेला तिचा काडीचा उपयोग नव्हता. १९५४ मध्ये नॅश कंपनीने थंड आणि गरम दोन्ही यंत्रणा पुढच्या बाजूला एकत्र आणल्या. आजच्या डीफॉगरची मांडणी त्याच घराण्यातली.

आता आकडे. घाटात जुलैमध्ये २१ अंश तापमान आणि शंभर टक्क्यांच्या जवळची आर्द्रता धरली, तर एक घनमीटर हवेत सुमारे १८ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा कॉईलवर १० अंशांपर्यंत गार झाली की तिला ९ ग्रॅमच्या आसपासच पाणी धरून ठेवता येतं. उरलेलं कॉईलवर थेंब होऊन ड्रेन पाईपमधून गाडीखाली पडतं. मध्यम वेगावरचा ब्लोअर तासाला दोन-अडीचशे घनमीटर हवा ढकलत असेल, तर या हिशेबाने तासाला लिटर-दोन लिटर पाणी निघतं. पार्किंगमध्ये एसीच्या गाडीखाली दिसणारं थारोळं तेच. ही सुकलेली हवा पुढे ४० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १७-१८ टक्क्यांवर येते. अशी हवा काचेवरचं पाणी अधाशासारखं पिते.

नुसता हीटर लावला तर? तीच १८ ग्रॅमवाली हवा ४० अंशांवर नेली, तर तिची आर्द्रता तेहतीस टक्क्यांच्या आसपास होईल. म्हणजे काच निघेल (स्वच्छ होईल), पण सावकाश, आणि घाम फुटल्यावर. बाहेर २१ अंश असताना ४० अंशांचा झोत दहा मिनिटं कुणी सहन करत नाही. ड्रायव्हर वैतागून तो बंद करतो आणि दोन मिनिटांत काच पुन्हा पांढरी. शिवाय माणसं स्वतःच पाणी सोडत असतात. स्वस्थ बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ३० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार जणांचे झाले दीडशे ग्रॅमच्या वर. गाडीच्या आतल्या तीन-साडेतीन घनमीटर हवेत २१ अंशांना जेमतेम साठ ग्रॅम पाणी मावतं, आणि पावसात ती आधीच जवळपास भरलेली असते. त्यात ओल्या छत्र्या, रेनकोट, चिखलाचे बूट, भिजलेलं मॅट. हे पाणी सगळ्यात गार पृष्ठभाग शोधतं. पाऊस बाहेरून सतत ज्या काचेला गार करत असतो, तीच ही काच.

म्हणून उत्तर असं: एसी बंद करून हीटरवर भागवता येईल, पण घाटात भागवू नका. २०-२२ अंशांना कॉम्प्रेसरवर, म्हणजे एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपावर, फार ताणही येत नाही. वाचणारं इंधन किरकोळ असतं आणि त्याच्या बदल्यात वळणावर समोरचं दिसत नाही.

आधी बोट फिरवा

काच पांढरी झाली की काहीही दाबण्याआधी आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर वाफ आत आहे. उमटली नाही आणि वायपरचा एक फेरा मारल्यावर काच स्वच्छ झाली, तर ती बाहेर आहे. या दोन रोगांची औषधं एकमेकांच्या उलट आहेत, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते.

कोकणातला तुमचा अनुभव दुसऱ्या प्रकारचा आहे. महाड-चिपळूण पट्ट्यात पावसाळ्यात बाहेर २७ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब होऊन बसायला लागतं तो) २६ अंशांच्या आसपास असतो. काचेची बाहेरची बाजू त्याच्या खाली गेली की तिच्यावर दव जमणारच, थंड पाण्याच्या बाटलीवर जमतं तसं. तुम्ही नॉब पूर्ण निळ्यावर ठेवून, हवा काचेकडे वळवून १० अंशांचा झोत मारता तेव्हा काच आतून कोरडी आणि बाहेरून ओली होते. डीफॉगर जितका जोरात, तितकी काच पांढरी. इथे एसी बंद करायचा नाही. झोत काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायांकडे वळवा, तापमान २४-२५ पर्यंत वाढवा आणि वायपरचा एक हात मारा. हवा काचेवरच हवी असेल तर नॉब लालकडे न्या. काच दवबिंदूच्या वर गेली की प्रश्न मिटला. डॅशबोर्डवरच्या काचेलगतच्या जाळीतून थोडी गार हवा काचेच्या खालच्या कडेवर लागतच राहते. म्हणून खालचा चार बोटांचा पट्टा पांढरा राहिला तर घाबरू नका.

घाटातला प्रकार आतल्या वाफेचा. त्यावर करायचं ते असं. डीफॉगरचं बटण दाबा, म्हणजे पंख्यासारख्या वक्र चौकटीवर तीन वाकडे बाण असलेलं. मागच्या काचेचं चिन्ह चौकोनी असतं, तो विषय वेगळा. एसी सुरू झाला का ते कॉम्प्रेसरच्या ‘टक्’ आवाजावरून किंवा इंजिनाच्या आरपीएमच्या हलक्या उडीवरून कळतं. काही गाड्यांमध्ये डीफॉगर लावल्यावर कॉम्प्रेसर चालू असतो, पण एसीचा दिवा लागत नाही. त्यामुळे दिव्यावर विसंबू नका. हवा बाहेरची घ्या. नॉब मधल्यापेक्षा थोडा लालकडे, एसी ऑटोमॅटिक असेल तर २५-२६ अंश. ब्लोअर पहिली दोन मिनिटं पूर्ण वेगावर, मग तिसऱ्यावर. काच साधारण दोन-तीन मिनिटांत निघायला हवी. निघाल्यावर डीफॉगर काढून पाय-आणि-काच हा मधला मोड ठेवा आणि एसी तसाच चालू राहू द्या.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: काच निघाली म्हणून एसी लगेच बंद करू नका. कॉईलच्या पापुद्र्यांमध्ये शे-दोनशे मिलिलिटर पाणी अडकलेलं असतं. कॉम्प्रेसर थांबला की कॉईल गरम होते, ब्लोअर चालूच असतो, आणि ते सगळं पाणी वाफ होऊन सरळ काचेवर जातं. एक-दीड मिनिटात समोरचं काही दिसेनासं होतं. ‘एसी बंद केला आणि अचानक धुकं आलं’ असं लोक सांगतात, ते हेच. वास येऊ नये म्हणून मुक्कामाच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून कॉईल सुकवायची सवय चांगली आहे, पण त्या वेळी हवा तोंडाकडे वळवलेली असावी आणि एखादी खिडकी बोटभर उघडी. घाट चालू असताना तो उद्योग नको.

आतली हवा फिरवायची की बाहेरची घ्यायची, यावर ‘नेहमी बाहेरची’ असं छापलेलं असतं, आणि कित्येक गाड्या डीफॉगरमध्ये बाहेरचीच हवा सक्तीने घेतात. माझ्या मते हा नियम थंड देशांतून आलेला आहे. तिथे बाहेरच्या हवेत पाणीच नसतं: ५ अंशांना शंभर टक्के आर्द्र हवेतही घनमीटरला सातच ग्रॅम. शिवाय गोठणबिंदूच्या आसपास कॉम्प्रेसर चालत नाही, मग आतली हवा फिरवत राहिलात तर काच काही मिनिटांत भरते. आपल्याकडे जुलैत बाहेरची हवाच आतल्यापेक्षा ओली असते. एसी नीट चालत असेल, तर कोकणात आतली हवा फिरवूनही काच आतून भरत नाही, उलट हवा अधिक कोरडी होते. मात्र एसी बंद, अशक्त किंवा मध्येच तुटणारा असेल, तर आतली हवा फिरवणं हा काच आंधळी करण्याचा खात्रीचा मार्ग. शंका असेल तेव्हा बाहेरची घ्या. धुरामुळे ट्रकमागे आतली केली असेल, तर ट्रक मागे टाकल्यावर ती परत बाहेरची करायची आठवण ठेवा. विसरलेलं हे एक बटण निम्म्या तक्रारींच्या मुळाशी असतं.

एवढं करूनही काच निघत नसेल तर

आधी हवा काचेवर येते का ते पाहा. टिश्यू पेपरची पट्टी काचेच्या खालच्या फटीवर धरा. ब्लोअर पूर्ण वेगावर असताना ती ताठ उडायला हवी. पट्टी लुळी आणि हवा पायाशी येत असेल, तर हवेची दिशा ठरवणारी मोडची झडप अडकली आहे. जुन्या गाड्यांत केबल निसटलेली असते, नव्यांत छोटी मोटर गेलेली. हवा सगळीकडूनच कमी असेल तर एसी फिल्टर बघा. ग्लोव्ह बॉक्स उतरवला की तो हाताला लागतो. पावसाळ्याआधी बदला, नाहीतर निदान १०-१५ हजार किलोमीटरला. भिजून काळा पडलेला फिल्टर झटकून परत बसवण्यात अर्थ नाही, तो स्वतःच ओलावा सोडतो. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावरच चालत असेल तर ब्लोअरचा रेझिस्टर (त्याचा वेग कमी करणारा भाग) जळला आहे. तो स्वस्त भाग आहे, त्यासाठी मोटर बदलू देऊ नका.

सुरुवातीला हवा जोरात आणि तासाभराने हळूहळू मंदावत जाते, एसी दहा मिनिटं बंद ठेवला की गाडीखाली भरपूर पाणी पडून पुन्हा ठीक होते, हे कॉईलवर बर्फ धरल्याचं लक्षण. कॉईलचं तापमान शून्याजवळ आलं की कॉम्प्रेसर तोडणारा सेन्सर बिघडला आहे, किंवा एसीचा गॅस कमी आहे. गॅस कमी झाला की कॉईलचा सुरुवातीचा भाग अति गार आणि बाकीचा कोमट राहतो. एसी ‘थोडा गार’ वाटतो, पण हवा सुकवत नाही. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ यावर विश्वास ठेवू नका. यंत्रणा बंदिस्त असते. वर्षभरात गॅस संपला तर गळती आहे, ती आधी शोधायची. नायट्रोजनच्या दाबाने, साबणाच्या फेसाने किंवा चमकणाऱ्या डायने ती सापडते. गॅस भरण्याआधी अर्धा तास व्हॅक्युम (आतली हवा ओढून काढणं), आणि भरताना वजन करून. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, छोट्या हॅचबॅकमध्ये चारशेच्या आगेमागे. नुसता काटा बघून अंदाजे भरणारा मेकॅनिक जास्त भरतो, आणि जास्त गॅसनेही गारवा कमीच होतो.

पुढच्या डाव्या पायदानात पाणी साठत असेल आणि वळणावर डॅशबोर्डमागे पाणी डचमळल्याचा आवाज येत असेल, तर ड्रेन पाईप चोंदला आहे. कॉईलने काढलेलं पाणी बाहेर न जाता गालिच्यात मुरतं, तिथून पुन्हा हवेत, तिथून काचेवर. एसी चालू ठेवून पंधरा मिनिटांत गाडीखाली थेंब पडलेच नाहीत तर हाच संशय. पाईप खालून मोकळा करावा. गॅरेजमधल्या हवेच्या कॉम्प्रेसरने जोरदार हवा मारली तर पेटीतला सांधा निसटू शकतो, म्हणून हलकी फुंक किंवा मऊ वायर पुरते. वायपरखालच्या जाळीत साठलेला पाला हेही त्याच पाण्याचं दुसरं दार. पाऊस तिथून ब्लोअरमध्ये शिरतो. जूनच्या आधी तो पाला हाताने काढा.

पाणी आणि कूलंट यांतला फरक बोटाने कळतो. पायदानातलं पाणी चिकट, गोडसर वासाचं, हिरवट किंवा गुलाबी असेल, आणि काचेवर पुसल्यावरही फासल्यासारखा तेलकट थर परत येत असेल, तर हीटर कोर गळतो आहे. हा थर डीफॉगरने जात नाही, उलट वाढतो. पुष्कळदा मेकॅनिक कोर बदलायचा खर्च वाचवायला त्याचे दोन पाईप इंजिनाच्या बाजूलाच एकमेकांना जोडून टाकतात. गळती थांबते, गाडीही चालते, पण त्या दिवसापासून डीफॉगर अर्धा झालेला असतो: हवा सुकते, तापत नाही. सेकंडहँड गाडी घेताना नॉब पूर्ण लालवर नेऊन गरम हवा येते का ते बघा. महाराष्ट्रात उन्हाळ्यात हे कुणी तपासत नाही. हीटर नुसताच कोमट असेल तर आणखी एक देशी कारण असतं: इंजिन तापू नये म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप) काढून टाकलेला असतो. फायरवॉलजवळचे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचे, हीटरचे दोन्ही पाईप जपून हात लावून पाहा. दोन्ही गरम हवेत. एक गरम आणि एक गार असेल तर कोर चोंदलेला, दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट किंवा कूलंटची पातळी. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

काचेचा आतला पृष्ठभाग मळका असेल तर वाफ लवकर आणि दाट धरते. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश, प्लास्टिकमधून उन्हात उडणारी वाफ, सिगारेटचा धूर, यांचा पातळ थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे, दोन मायक्रोफायबर फडकी, एक ओलं एक कोरडं. आतून उभे हात मारा, बाहेरून आडवे, म्हणजे राहिलेली रेघ कुठल्या बाजूची ते कळतं. गाडी चालवताना तळहाताने काच पुसू नका, हाताचं तेल तिथेच बसतं आणि रात्री समोरच्या दिव्यात ते फटफटीत दिसतं.

मागच्या काचेचा एसीशी संबंध नाही. तिच्यावरच्या तपकिरी रेघा म्हणजे काचेवर भाजलेली चांदीमिश्रित पेस्ट. त्या १२ व्होल्टवर दहा-वीस अँपिअर ओढतात, म्हणून बहुतेक गाड्यांत टायमर त्या दहा-पंधरा मिनिटांनी बंद करतो. एकच रेघ गेली असेल तर तेवढाच पट्टा पांढरा राहतो. व्होल्टमीटरने रेघेवरून सरकत जा. धड रेघेच्या मध्यावर सहा व्होल्टच्या आसपास दिसतात. जिथे बारावरून एकदम शून्य होतं, तिथे तुटलं आहे. वीजवाहक चांदीचा रंग लावून ते सांधता येतं. बहुतेक वेळा नुकसान केलेलं असतं ते ब्लेडने सनफिल्म खरवडणाऱ्याने.

अमेरिका-कॅनडातल्या किंवा लेह-मनालीला हिवाळ्यात जाणाऱ्या वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं. बाहेर शून्याच्या आसपास किंवा खाली गेलं की कॉम्प्रेसर लागत नाही. कॉईलवर बर्फ धरू नये आणि कमी दाबात कॉम्प्रेसर कोरडा फिरू नये म्हणून तशी सोयच असते. तिथे काम फक्त हीटरचं आणि बाहेरच्या कोरड्या हवेचं. इंजिन तापेपर्यंत गार हवाच येणार, तोवर खरवडणीने बर्फ काढा. वायपरखालच्या जाळीवरचा बर्फ आधी झाडा, नाहीतर ब्लोअर तोच ओढतो. वायपर काचेला चिकटला असेल तर तो चालू करू नका, मोटर किंवा रबर जाईल. आणि उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव गोठतं, तेव्हाही हेच, फक्त पाच मिनिटांचं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाची उष्णता नसते, तिथे बॅटरीवर चालणारा हीटर लागतो आणि रेंज घटते. निघण्याआधी चार्जरला लावलेली असतानाच आत गरम करून घ्या.

एसीच नसलेल्या जुन्या गाडीत पर्याय थोडे आहेत: ब्लोअर पूर्ण, हवा बाहेरची, हीटर सोसेल तेवढा, आणि पुढच्या दोन्ही खिडक्या दोन बोटं उघड्या. पाऊस आत येतो, पण श्वासाची वाफ बाहेर पडते. साबणाचं पातळ पाणी आतून फासून कोरड्या फडक्याने चकाकी येईपर्यंत पुसलं, तर तासभर वाफ थेंबांत न साठता पापुद्र्यासारखी पसरते आणि आरपार दिसतं. ट्रकवाले काचेवर तंबाखू चोळतात तीही युक्ती खरी आहे, पण ती बाहेरच्या बाजूला, वायपर बंद पडलेला असताना. आतून चोळाल तर वाफेच्या जोडीला डागही पुसत बसावे लागतील.